बोरमळ्याच्या बारा ठोक्यांची बखर

आधी शपथ. या बखरीतला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर लिहिणारीच्या दुधाला कधी साय न येवो, तिच्या पुरणपोळ्या तव्यावर फुटोत, आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी नेमका तिचा हंडा गळो. तुळशीपुढं उभं राहून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हे बोलून मग लेखणी हातात घेतली आहे. ऐकणाऱ्यांनी मधेच शंका काढू नयेत. काढल्यास चहा मिळणार नाही.

तर हकीकत ऐसी जे, सुभा नगर, हल्लीचं अहिल्यानगर, तालुका नेवासे, सोनईच्या बाजारापासून दोन कोसांवर बोरमळा नावाची वस्ती, आणि तिथं घरं दोन आणि विहीर एक. पूर्वेकडची गादी राजश्री सूर्यभानरावांची आणि पश्चिमेकडची मातुश्री मनकर्णाबाईंची. नात्यानं सूर्यभानराव धाकटे दीर आणि मनकर्णाबाई थोरली भावजय, दोघांचंही वय साठीच्या पुढं, आणि मनकर्णाबाईंच्या यजमानांना कैलासवासी होऊन आठ वर्षं लोटलेली. दोन्ही मुलखांच्या मधे एक बांध, आणि बांधावर बोरी, आणि बोरी कोणाच्या यावर दोन्ही दरबारांनी बोलायचं सोडून दिलेलं.

विहिरीवर उन्हावर चालणारा पंप, ज्यास तमाम रयत सोलर म्हणते. ऊन आलं की पाणी सुरू आणि ऊन कललं की बंद. मग दिवसाचे दोन तुकडे करून बाऱ्या ठरल्या. दिवस उगवल्यापासून बारापर्यंत पाणी सूर्यभानरावांच्या उसाला, आणि बारापासून मावळतीपर्यंत मनकर्णाबाईंच्या मळ्याला. आता बारा वाजले हे सांगावं कोणी, हाच काय तो पेच. एक साल मोबाईलवर भरवसा ठेवून पाहिला. तर रावांच्या डबा फोनात बाराला पाच कमी, आणि बाईंच्या डबा फोनात बारा वाजून पाच, आणि त्या दहा मिनिटांपायी अशी रणधुमाळी माजली की त्या संक्रांतीला दोन्ही घरांत तिळगूळ झाला नाही.

मग पंच बसले आणि तह झाला. वडिलांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ मनकर्णाबाईंच्या ओसरीच्या भिंतीवर राहील. त्याची चावी सूर्यभानरावांच्या करदोट्याला राहील. दर शनिवारी राव येतील आणि चावी देऊन जातील. घड्याळ खाली काढायचं तर दोघांच्या समक्ष. आणि बारी बदलेल ती बाराच्या ठोक्यांवर, काट्यांवर नव्हे, कारण काटे दिसतात जवळ उभ्या असलेल्याला आणि ठोके ऐकू येतात बांधापलीकडच्यालासुद्धा. या तहावर बारा वर्षं राज्य सुखानं चाललं.

आणि मग आली खंडेनवमी. त्या दिवशी मराठी मुलखात हत्यारं पुजतात. नांगर, कोयता, खुरपं, हल्ली ट्रॅक्टर, आणि बोरमळ्यात घड्याळ, कारण विहीर राखणारं हत्यार ते. दोन्ही घरच्या बायकांनी ते पुजायचं असा रिवाज. त्या साली पूजेला आल्या सूर्यभानरावांच्या नव्या सूनबाई, सौभाग्यवती मोनिकाबाई, माहेर श्रीगोंदे. बाईंची भक्ती मोठी आणि मूठ त्याहून मोठी. त्यांनी घड्याळाची काच उघडली, लंबकाला हळद लावली, तबकडीला कुंकू लावलं, आणि मग मूठभर कुंकवाच्या अक्षता अशा उधळल्या जशा नवरदेवावर उधळाव्या. घड्याळानं दोनदा टक् टक् केलं, तिसऱ्यांदा नुसतंच टक् केलं, आणि बाराला दहा मिनिटं कमी असताना प्राण सोडला.

लागलीच पूर्वेकडच्या गादीवरून फर्मान सुटलं, की ठोके पडले नाहीत, सबब बारा वाजले नाहीत, आणि बारा वाजले नाहीत, सबब बारी अजून पूर्वेचीच आहे. त्या दिवशी बोरमळ्यात सूर्य मावळला तरी कायद्यानं सकाळच होती. ऊस पीत राहिला. उसाला कधी पुरे म्हणता आलंय.

इकडं मनकर्णाबाईंच्या मुलखावर आकाश कोसळलेलं. सप्तमीला त्यांनी वीस गुंठे कांद्याचं रोप लावलं होतं. बी स्वतःच्या हातानं धरलेलं, रोप स्वतः राखलेलं, आणि लावताना कंबर तीन दिवस मोडून गेलेली. लावल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला हलकं पाणी लागतं, त्यास आंबवणी म्हणतात, आणि ती चुकली तर आश्विनातल्या उन्हात कोवळं रोप पुन्हा उठत नाही. नवमीची बारी तर बुडाली. दशमीला उजाडता बाई वाफ्यात गेल्या आणि पाहतात तो रोपांनी माना टाकलेल्या, जशी लग्नात पंगत चुकलेली पोरं बसतात तशी. बाईंनी एक रोप बोटानं उभं केलं. ते पुन्हा आडवं झालं. आज पाणी मिळालं तर वर्षाचा कांदा, न मिळालं तर वीस गुंठ्यांचा पाचोळा, हे बाईंना कोणी सांगायला नको होतं.

दिवस दसऱ्याचा. मोठमोठ्या फौजा याच दिवशी सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. मनकर्णाबाईंनी डोईवर पदर घेतला, पायात रबरी चपला चढवल्या, आणि बांध ओलांडून एकट्यानं पूर्वेच्या अंगणात दाखल झाल्या. सूर्यभानराव दाढी करत होते. तिथं जे जाबसाल झाले ते येणेप्रमाणे.

"भावजी, रोप मरतंय. दोन तास पानी सोडा."

"वहिनी, मी का न्हाई म्हनतोय? घड्याळ वाजूंद्या. वाजलं की मी सोता यिऊन कॉक फिरवतो."

"घड्याळ बंद हाय."

"ते तुमच्या भितीवर हाय."

"आन् चावी तुमच्या कंबरंला हाय."

"चावी शनवारी. आज शुक्रवार."

यावर मातुश्रींनी एवढंच सुनावलं की घड्याळ खाली काढायचं आहे, तहाप्रमाणं साक्षीला चला, आणि अर्धी दाढी राहिली आहे ती तिकडं येऊन करा, आरसा आमच्याकडंही आहे. राव निघाले. कायदा म्हटला की राव कुठंही निघत. मागून मोनिकाबाईही निघाल्या, आणि त्यांचा चेहरा असा की जणू परीक्षेचा निकाल घ्यायला चालल्या आहेत.

आता घड्याळ उघडणार कोण. त्या परगण्यात घड्याळाच्या पोटातलं जाणणारा एकच मुत्सद्दी उरला होता, सोनईच्या पेठेतले हनुमंत घड्याळजी. हल्ली ते मोबाईलची कव्हरं विकत, पण हात जुना. त्यांना हुजुरातून फोन गेला. त्यांनी कळवलं की दसऱ्याची गर्दी आहे, दुकान सोडता येत नाही, सबब मोहीम व्हिडिओ कॉलवर चालवावी. बाईंच्या डबा फोनात ती विद्या नव्हती. मग मोनिकाबाईंनी आपला फोन दिला, तो दह्याच्या गाडग्याला टेकवून उभा केला, आणि सेनापती सोनईस राहून बोरमळ्यात लढाईस तोंड लागलं.

घड्याळ उतरवून ओसरीत पोत्यावर उताणं निजवलं. सूर्यभानराव बाजेवर बसले आणि साक्षीदाराला चहा लागतो असं त्यांनी जाहीर केलं. तो शत्रूच्याच दूधसाखरेचा मिळाला. तिकडं त्यांचा ऊस पीत होता आणि इकडं ते.

"मावशी, पयला लंबक काढा," हनुमंतांचा हुकूम आला.

"त्यो कोन?"

"खाली हालतोय त्यो गोळा."

"हालत न्हाई. हालला आसता तर तुला कशाला उठवलं आसतं?"

लंबक निघाला, काटे निघाले, तबकडी निघाली, आणि आतला दरबार उघडा पडला. मनकर्णाबाईंनी जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. बारा वर्षं ज्याच्या जिवावर पाणी घेतलं त्याचं पोट त्या आज पाहत होत्या. हनुमंत एकेका सरदाराचं नाव आणि काम सांगत गेले, आणि बाई त्याला आपल्या घरातली जागा देत गेल्या, कारण त्याशिवाय त्यांच्या ध्यानात राहीना.

खाली दोन बाजूंना दोन पोलादी पट्ट्या, चकलीसारख्या गुंडाळलेल्या. त्यांस कमान म्हणतात. चावी दिली की कमान आवळते आणि मग आठवडाभर सैल होत होत सगळा कारभार ओढते. उजवी काटे चालवते आणि डावी ठोके देते. "म्हंजी आमचे मामंजी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सोता जागेवर बसायचे आन् समद्या घराला पळवायचे." सूर्यभानरावांना वडिलांविषयीचं हे बोलणं रुचलं नाही, पण खोडताही आलं नाही, म्हणून त्यांनी चहात फुंकर घातली.

कमानीला लागून मोठं चाक, ते सावकाश फिरतं. त्याच्या दात्यांत अडकलेलं धाकटं, ते भरभर. त्याहून धाकटं त्याहून भरभर. सासू, थोरली जाऊ, धाकटी सून, बाईंनी मनात नोंद केली. जी लहान ती जास्त पळते.

सगळ्यांच्या वर एक टोकदार दात्यांचं चाक आणि त्यावर दोन नख्यांचा आकडा. हनुमंत म्हणाले की खरा कारभारी हा. चाक सुसाट सुटायला बघतं आणि हा एका नखीनं धरतो, एक दाता सोडतो, मग दुसऱ्या नखीनं धरतो. तीच टकटक. हा नसता तर आठवड्याची ताकद घटकाभरात उधळली असती. आणि कधी सोडायचं ते याला लंबक सांगतो. लंबक खाली उतरवला तर घड्याळ मागं पडतं, वर चढवला तर पुढं धावतं. मनकर्णाबाईंना आपली आजेसासू आठवली, जी गुळाचा डबा मांडीखाली घेऊन बसायची आणि एका वेळी एकच खडा सोडायची.

डावीकडचा फौजफाटा ठोक्यांचा. तारेचं वेटोळं, त्यावर पडणारी हातोडी, आणि शेवटी पत्र्याचा एक इवला पंखा. तो गरगर फिरतो आणि त्याला हवा अडवते, म्हणून ठोके दमानं पडतात, एकावर एक आदळत नाहीत. "ह्यो पंखा तुमच्या घशात बसवाया पायजे हुता, भावजी," असं बाई बोलून गेल्या आणि फोनमधून हनुमंत हसले, आणि गिऱ्हाईकासमोर हसल्याबद्दल त्यांना तिकडं माफी मागावी लागली.

आणि सगळ्यांत कडेला एक थाळीसारखं चाक, काठाला खाचा पाडलेल्या. पहिल्या दोन खाचा जवळ, पुढच्या लांब, त्यापुढच्या आणखी लांब. त्यावर एक पट्टी टेकलेली. पट्टी खाचेत पडली की ठोके थांबतात. हनुमंतांनी बजावलं की हे मोजणीचं चाक, याला वेळ कळत नाही, फक्त पाळी कळते. पाचानंतर सहा, सहानंतर सात. काटे काही का दाखवेनात. हे ऐकून राव बाजेवर सरळ बसले. उभ्या आयुष्यात त्यांना आपल्या स्वभावाचं कोणी भेटलं नव्हतं.

मग शोध सुरू झाला. मनकर्णाबाईंनी गोधडीची सुई घेतली, डोळ्यांवर चष्मा ओढला, आणि उजवीकडच्या फौजेत शिरल्या. मोठं चाक मोकळं, मधलं मोकळं, आणि तिसऱ्याच्या दोन दात्यांमधे, लालभडक, एक तांदूळ.

बाईंनी मान वर केली. समोर मोनिकाबाई, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग सगळा त्या तांदळावर गेल्यासारखा. पाच महिन्यांची सून, सासरा कायद्याचा, आणि हा पुरावा. मनकर्णाबाईंच्या हातात त्या क्षणी पूर्वेची गादी होती. हा दाणा रावांच्या तळहातावर ठेवला असता तर पाणी तर मिळालंच असतं, वर पाच वर्षं बोलायला मिळालं असतं. बाईंनी सुईनं दाणा काढला, तोंडात टाकला आणि चावला.

"काय निघालं?" राव म्हणाले.

"धूळ."

"आन् ती खाल्ली?"

"मला काय उपास हाय?"

मोनिकाबाई खाली मान घालून कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पण फत्ते अजून दूर होती. सुई मागं घेताना तिचं टोक डावीकडच्या एका तारेला लागलं, आणि पोत्यावर निजलेलं घड्याळ वाजू लागलं. टण्. टण्. मनकर्णाबाई मोजत होत्या आणि राव मोजत होते. बरोबर बारा. बाई उठल्याच, की चला, कॉक फिरवा. तेव्हा रावांनी जो निवाडा दिला तो नेवासे तालुक्यात अजून सांगतात.

"निजलेल्या मानसाची साक्ष चालत न्हाई, वहिनी. घड्याळ भितीवर टांगलेलं पायजे, लंबक हालता पायजे, आन् बारा ठोके पायजेत. मग माझं काय म्हननं न्हाई."

हनुमंतांनी तिकडून कळवलं की अनर्थ झाला. बाराची खाच ओलांडली गेली, आता पुढचा ठोका एकाचा. बारा पुन्हा यायचे तर मधले अकरा मुक्काम करून यावं लागेल. उपाय एक, ती तार वर उचलत जायचं, घड्याळ एकेक पाळी वाजवत जाईल. ही तार उचलणं कायद्यात बसतं का, असा सवाल रावांकडं गेला. रावांनी विचार केला आणि कोंबडा माणसानं उठवला तरी आरवतो कोंबडाच, असा कौल दिला.

मग सगळे सरदार आपापल्या जागी बसवले आणि घड्याळ भिंतीवर चढलं. लंबक हलला, पण आवाज येईना बरोबर. टक् टक्... टक् टक्. हनुमंतांनी फोनला कान लावून फर्मावलं की घड्याळ लंगडतंय, तिरकं टांगलंय, असं दोन तासांत बंद पडेल. बाईंनी डाव्या कोपऱ्याखाली जुन्या लग्नपत्रिकेची घडी सारली. एक घडी कमी पडली, दोन जास्त झाल्या, दीड घडी लागली. मग टक, टक, टक, टक, सरळ पायांनी. दिवसाचा एक वाजून गेला होता. मळ्यात ऊन नुसतं ओतत होतं आणि बाईंचा जीव वाफ्यात होता.

राव घड्याळाकडं पाठ करून बसले, का तर डोळ्यांनी कान फसतात. मोजायला त्यांनी बाजेवर भुईमुगाच्या शेंगा मांडल्या. आणि मनकर्णाबाईंनी तार उचलली.

एकाचा मुक्काम झाला. दोनाचा झाला. तीन, चार, पाच झाले आणि फौज दमात होती. सहा आणि सात झाले, आणि बाईंच्या दंडाला कळ आली. आठाला बांधावरून जाणारा दूधवाला थांबला आणि आपल्या मनगटाकडं पाहून, डोकं हलवून, निघून गेला. नवाला ठोका मऊ पडू लागला. हनुमंत म्हणाले, मावशी, डावी कमान उतरत आली, चावी द्या. मनकर्णाबाईंनी रावांच्या पाठीकडं पाहिलं. पाठ म्हणाली, "शनवारी."

दहा झाले, रेटून. अकरा झाले, आणि त्यातला शेवटचा ठोका तर असा की म्हाताऱ्यानं जिना चढून वर येऊन बसावं. पंचावन्न आणि अकरा, सहासष्ट ठोके खर्ची पडले होते. आता बारा हवे होते, एक कमी चालणार नव्हता. बाईंनी पदर खोचला, कुलदैवताचं नाव घेतलं आणि तार उचलली.

एक, दोन, तीन. हातोडी उठत होती आणि पडत होती. चार, पाच, सहा. पंख्याचा वेग इतका उतरला की त्याची पाती मोजावीत. सात. आठ. रावांचं बोट शेंगेवर. नऊ. मधे एवढा वेळ गेला की दोन चिमण्या भांडून मोकळ्या झाल्या. दहा. मनकर्णाबाईंनी श्वास धरला. अकरा, अगदी कुजबुजल्यासारखा. आणि मग काही नाही. ओसरीत फक्त लंबकाची टकटक. बाईंनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढं वीस गुंठे आडवं रोप दिसलं.

आणि तेवढ्यात बारावा ठोका पडला. असा खणखणीत, असा दणदणीत, की आधीचे अकरा त्याच्यापुढं पोरसवदा वाटावे. तीन पिढ्यांची ताकद घड्याळानं त्या एका ठोक्यासाठी राखून ठेवली होती. दह्याच्या गाडग्यावरचं झाकण थरथरलं आणि फोन कलंडला.

 सूर्यभानरावांनी बारावी शेंग उचलली, सोलली, दाणे तोंडात टाकले, आणि उठले. "वाजले," एवढंच म्हणाले, आणि अर्ध्या दाढीनिशी विहिरीवर जाऊन स्वतःच्या हातानं कॉक फिरवला.

पाणी पश्चिमेच्या पाटाला लागलं तेव्हा उन्हाचे अडीच तास शिल्लक होते. मनकर्णाबाई दांडावर उभ्या राहून वाफ्यामागून वाफ्याचं तोंड उघडत गेल्या आणि पाणी रोपांच्या पायाशी शिरत गेलं. शेवटचा वाफा भरला आणि पंप थांबला. पहिल्या वाफ्यातल्या रोपांनी तोवर माना सावरल्या होत्या.

येणेप्रमाणे चालू शकाच्या आश्विन शुद्ध दशमीस, वार शुक्रवार, मुक्काम बोरमळा, मातुश्री मनकर्णाबाईंची फत्ते जाहली. कामी आलेले ठोके अठ्ठ्याहत्तर, निजून पडलेले बारा वेगळे. कैद झालेला तांदूळ एक, त्याचा कैदेत अंत. वीस गुंठे मुलूख हिरवा राहिला. सूर्यभानरावांनी शनिवारची वाट न पाहता त्याच संध्याकाळी येऊन चावी दिली आणि आपट्याची पानं दिली, आणि यात हार मानल्यासारखं काही नाही असं न विचारता सांगितलं. सही, शिक्का, आणि साक्षीला दह्याचं गाडगं.

हे सगळं खरं. म्हणजे एक सोडून. तुळस समोर दिसतेय आणि उद्या पुरणपोळ्या करायच्या आहेत, म्हणून सांगून टाकलेलं बरं. बारावा ठोका घड्याळाचा नव्हता. डावी कमान अकराव्यालाच संपली आणि हातोडी अर्धी उचललेली तशीच राहिली, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात मोनिकाबाईंच्या हातात पितळी उलथनं होतं आणि पुढ्यात तांब्याचा हंडा. सासऱ्यांना काही कळलं नाही अशी दोन्ही बायकांची पक्की समजूत होती. संध्याकाळी जेवताना रावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातून मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, उद्या वहिनींकडं जाशील तवा त्यांचा हंडा बघून ये. पोचा आला आसंल."